अंबूअत्याचा महिरपी कंस

सकाळी नऊला माझी कंपनीची मीटिंग असते. म्हणजे चेन्नईची, पुण्याची अन् परदेशातली काही मंडळी पडद्यावर आपापल्या चौकोनात येऊन बसतात आणि मी त्यांना "कुठवर आलं?" असं विचारतो. तेवढंच माझं काम. एके काळी मी स्वतः प्रोग्राम लिहीत असे. पुढे पगार वाढला आणि ते सुटलं. तर अशाच एका मीटिंगमध्ये मी जबाबदार चेहरा करून बसलेलो असताना खालच्या मजल्यावरून हाक आली.

"वेंकू! हा महिरपी कंस कोठें ठेवायचा रे? ओळीच्या शेवटीं, कीं खालच्या ओळीवर एकला?"

मी माइक बंद केला. निदान मला तसं वाटलं.

"अत्या, मीटिंग चाललीय!"

"चालूं दे की. कंस सांग आणि चालव."

पुण्याच्या चौकोनातला पोरगा म्हणाला, "सर, ओळीच्या शेवटी. खाली ठेवला तर वाया जाते ओळ." चेन्नईच्या मुलीने काय चाललंय ते विचारलं, त्याने सांगितलं, आणि ती म्हणाली की खाली ठेवला तर निदान डोळ्यांना दिसतो तरी. मग परदेशातला एक जण, जो गेलं वर्षभर माझ्या एकाही मीटिंगमध्ये बोलला नव्हता, तो बोलायला लागला. मीटिंग संपेपर्यंत तो थांबला नाही. त्या दिवशी "कुठवर आलं?" हे विचारायचं राहूनच गेलं, आणि कोणाचं काही अडलं नाही, हेही माझ्या लक्षात आलं.

अंबूअत्या ही माझ्या वडिलांची थोरली बहीण. आमचं घराणं मराठी राजांच्या मागोमाग तंजावर मुलखात आलं आणि कुंभकोणात रुजलं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. आमची मराठी इतकी जुनी की माझी बायको मेधा, जी साताऱ्याची, ती लग्न होऊन आली तेव्हा म्हणाली होती, "तुमच्याकडे सगळे ताम्रपटातून बोलल्यासारखं बोलतात." अत्या 'सगळे'ला 'अस्के' म्हणायची, 'चांगलं'ला 'बेस' आणि 'मला'ला 'मज'. मी हे जे लिहितो आहे ते मेधाच्या धाकाने सुधारलेलं आहे. चुका राहिल्या असतील त्या वाडवडिलांच्या.

अत्याने लग्न केलं नाही. का, असं विचारलं तर म्हणे, "वेळ कोठें होता?" वेळ नव्हता हे खरंच. पोट्रामरै तळ्यामागच्या गल्लीत घराच्या पुढल्या दालनात तिचं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं. पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत तिथे टकटक चाले. हातांवर कापड टाकून ती मुलांकडून टाइप करून घ्यायची, म्हणजे कोणी कळांकडे बघायला नको. बघितलंच तर बोटांवर लाकडी पट्टी. अजूनही नाचियार्कोविलच्या बसमध्ये एखादा पिकल्या केसांचा गृहस्थ तिला पाहून आदराने उठून जागा देई आणि यंत्रापुढे बसला नसतानाही दोन्ही हात पाठीमागे लपवी.

तिच्या लेखी जगात दोनच तऱ्हेची माणसं होती. मार्जिन सोडणारी आणि न सोडणारी. कोणी उलट बोललं की ती म्हणे, "मार्जिन सोडून बोल." वाण्याने बिल चुकवलं तर ती आकड्यांवरून नाही, ते कागदाच्या कडेला चिकटून लिहिलं म्हणून भांडे. इन्स्टिट्यूट बंद झालं, यंत्रं गेली, पण सवयी शरीरात राहिल्या. मी दिलेल्या लॅपटॉपवर ती अशी बोटं आपटायची की टेबलाचे खिळे सैल व्हावेत. आणि ओळ संपली की तिचा डावा हात आपोआप वर उठून उजवीकडे झटका देई, यंत्राची गाडी मागे सारायला. गाडी नसे. कॉफीचा पेला असे. तो जाई.

आता ही बाई प्रोग्राम लिहायची सी भाषा का शिकायला लागली, हे सांगितलं पाहिजे. त्यात माझाच हात आहे, म्हणजे जीभ.

आम्ही वैष्णव. एकादशी आमच्यात फार कडक. पाण्याचा थेंब नाही. मेधाने पहिल्या एकादशीला कौतुकाने साबुदाण्याची खिचडी केली, तेव्हा अत्या ताटाकडे बघून म्हणाली, "हा उपास, कीं लग्नाचं जेवण?" मेधा म्हणाली, "आमच्याकडे म्हणतातच, आत्या, एकादशी दुप्पट खाशी." त्यानंतर दोघींनी एकमेकींचा नाद सोडला.

तर एकादशी कधी, हा प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही. बाकीचे लोक सूर्योदयाला कोणती तिथी आहे ते बघतात. आम्ही त्याच्या चार घटका आधी, अरुणोदयाला बघतो. त्या वेळी दशमीचा लवलेश जरी उरला असला तरी ती एकादशी डागाळली, आणि उपास दुसऱ्या दिवशी. वर्षातून काही वेळा असा घोळ होतो, आणि असा घोळ झाला की आमच्या घराण्याची चेन्नई, बेंगळूर, अमेरिका अशी सगळी पांगलेली माणसं अत्याला फोन करायची. ती मठाचं पंचांग उघडून, चष्मा पुसून, मुद्दाम थोडा वेळ लावून सांगायची, "आज नव्हे. उद्यां."

ते फोन हळूहळू कमी झाले. माणसांनी मोबाइलमध्ये पंचांग घेतलं.

आणि एके दिवशी तिची धाकटी बहीण कमळीअत्या, जी बेंगळूरला असते, तिने सहज फोनवर सांगितलं की कालचा उपास फार जड गेला.

"काल?" अंबूअत्या म्हणाली. "काल दशमी होती ना गे पहाटे! उपास आज!"

"फोनांत काल दाखवलं, अक्का."

"मज कां नाहीं विचारलंस?"

"दर वेळीं तुज कां त्रास? फोन सांगतो की."

त्यावर अत्याने फोन ठेवला तो दोन दिवस उचलला नाही. मग वर आली. माझ्या खोलीत ती कधी येत नसे, जिना तिला सोसत नव्हता. दारात धापा टाकत उभी राहून म्हणाली, "वेंकू, मी किती दिवस असणार? माझ्यामागे अस्के त्या डब्यालाच विचारणार. आणि डब्यास तर कांहीं येत नाहीं."

मला मीटिंगला जायचं होतं. तिला खाली पाठवायला काहीतरी बोलायचं म्हणून मी बोललो, "अगं, त्या फोनमागचा जो प्रोग्राम आहे ना, तो काही हौशी लोकांनी मिळून फुकट केलेला आहे. चूक असली तर कोणीही दुरुस्त करून पाठवावी, ते घेतात."

"कोणीही?"

"कोणीही."

"मी?"

इथे जर मी 'नाही' म्हणालो असतो, तर पुढचं वर्ष मी माणसासारखं जगलो असतो.

त्या हौशी लोकांचे नियम होते. दुरुस्ती सी भाषेत, त्यांच्या पद्धतीने मांडलेली. ओळ ऐंशी अक्षरांपुढे जाता कामा नये. आत सरकवायचं तर टॅबनेच, मोकळ्या जागा मारून नाही. आणि दुरुस्ती पाठवायची ती साध्या मजकुराच्या ईमेलनेच. रंग नाही, ठळक अक्षर नाही, चित्र नाही. ती नियमावली मी तिला वाचून दाखवली, या आशेने की ती घाबरेल. तिचा चेहरा उजळत गेला.

"हा शिस्तीचा मनुष्य आहे," ती म्हणाली. नियमावली लिहिणारा गृहस्थ कुठल्याशा थंड देशात राहत होता. त्या दिवसापासून त्याचं नाव हेडमास्तर.

मग प्रश्न सुरू झाले. जेवताना, अंघोळीच्या दारातून, देवळात प्रदक्षिणा घालताना. "टॅब म्हणजे आठ घरं, कीं चार?" "स्वल्पविरामापुढे जागा सोडायची, मागे नाहीं, होय की?" "तारा लावायचा तो नावास चिकटून, कीं जातीस चिकटून?" जात म्हणजे व्हेरिएबलचा, आकडे साठवणाऱ्या नावाचा, प्रकार, हे मला शेजाऱ्यांना समजावून सांगावं लागलं. स्वामीमलैच्या बसमध्ये तिने विचारलं, "फंक्शन रिकाम्या हातीं परत आलं तर तें पाप कां?" कंडक्टर आमच्याकडे बराच वेळ बघत होता.

आणि प्रोग्राम चालतो का, याच्याशी तिला काही घेणंदेणं नव्हतं!

"अत्या, हे चालतच नाहीये."

"चालेल मागनं. मांडणी बघ कशी आहे."

मांडणी सुरेख होती. कोणत्याही ओळीला शेपूट नव्हतं. फक्त यंत्र म्हणत होतं की नवव्या ओळीत 'एल' नावाचं काहीतरी आहे ते कोण, आमची ओळख नाही. मी एक अख्खा रविवार त्या ओळीकडे बघत बसलो. तिथे एक हा आकडा होता, बाकी काही नव्हतं. मी लॅपटॉप बदलला. पुण्याच्या पोराला, कामाचं आहे असं सांगून, विचारलं. शेवटी ती टाइप करताना मी शेजारी बसलो, आणि एक लिहायची वेळ आली तेव्हा तिची उजवी अनामिका गेली 'एल'वर.

"अत्या! हा एक नाही!"

"एक असाच लिहितात. आमच्या यंत्रावर एक नव्हताच. एल म्हणजेच एक."

"आणि शून्य?"

"ओ."

मी डोकं धरून बसलो. खरं तर ती रडवेली होईल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "इतकी वर्षं कागदास कळत होतं तें. ह्यास कळत नाहीं, तर ह्याचीच समज उणी."

नावं ठेवण्यात तिने सूड उगवला. चुकीचा दिवस ज्या व्हेरिएबलात यायचा त्याचं नाव तिने 'कमळी' ठेवलं. प्रोग्राम वाचला की असं दिसे: जर कमळी, तर एक दिवस पुढे ढकला.

पहिली दुरुस्ती तिने मोबाइलच्या मेलमधून पाठवली, मला न सांगता. वर प्रेषकाचा पत्ता, खाली 'सन्माननीय महोदय', मग 'विषय', मग 'संदर्भ: नाही', सगळं शास्त्रोक्त. हेडमास्तरांचं उत्तर एका ओळीचं आलं. ना नमस्कार, ना नाव. तुमच्या मेलने टॅब खाल्ले आहेत आणि ओळी मोडल्या आहेत, नीट पाठवा.

मला संताप आला. सत्तरी ओलांडलेल्या बाईला असं लिहितात? मी खरमरीत उत्तर लिहायला बसलो, तर तिने माझा हात धरला. तिचा चेहरा पडला होता. "माझी मार्जिन मोडली?" ती म्हणाली. "माझी?"

म्हणून मग काळ्या खिडकीतून मेल पाठवायची व्यवस्था करणं आलं, जिथे मजकूर जसा टाइप करावा तसाच जातो. ती व्यवस्था करताना मी जे भोगलं ते वैऱ्याने भोगू नये. मी बऱ्याच वर्षांत हे केलं नव्हतं, आणि केलं होतं तेव्हाही दुसऱ्याकडून करवून घेतलं होतं. एका फाइलीत सर्व्हरचं नाव लिहायचं, पोर्ट लिहायचं, पासवर्ड वेगळा काढायचा. प्रत्येक ओळीला ती विचारी, "हें काय म्हणून?" आणि मला ठाऊक नसे. मी म्हणे, "असंच असतं." ती म्हणे, "असंच असतं असं मी कोणास शिकवलं असतं तर इन्स्टिट्यूट चाललं नसतं." शेवटी एक दिवस ती व्यवस्था जमली. "आता स्वतःलाच एक मेल पाठवून बघ," मी म्हणालो, "काहीही लिही," आणि हात धुवायला गेलो.

ती 'काहीही' म्हणजे काय लिहिणार? जे तिने आयुष्यभर प्रत्येक नव्या मुलाकडून पहिल्या दिवशी लिहवून घेतलं, तेच. ए एस डी एफ जी एफ, सेमीकोलन एल के जे एच जे. पानभर. सरळ रांगेत, मार्जिन सोडून. फक्त पाठवायचा पत्ता तिने फाइलीतला आधीचाच, दुरुस्त्या पाठवायचा, राहू दिला. जगभरच्या त्या सगळ्या हौशी मंडळींना एकाच वेळी टायपिंगचा पहिला धडा पोचला.

कोणीतरी काळजीने विचारलं, आपल्या कीबोर्डवर मांजर बसलं आहे का? मी पलंगावर पालथा पडलो. मेधा हसून हसून पाणी प्यायली. अत्या मात्र पडद्याकडे समाधानाने बघत होती. "टॅब पोचले," ती म्हणाली.

त्यानंतर दुरुस्त्या जात राहिल्या आणि परत येत राहिल्या. 'कमळी' हे नाव अर्थबोधक नाही. इथे एक ओळ जास्त मोकळी आहे. सर्वांत वरचं 'श्री' कशाला, प्रोग्रामशी संबंध नाही, काढा. ह्या श्रीवरून मात्र ती अडून बसली. श्रीवाचून कागद सुरूच होत नाही. मी सांगितलं की मेलमध्ये तीन रेघा मारून त्याखाली जे लिहितात ते प्रोग्रामात शिरत नाही, यंत्र ते टाकून देतं. तिने विचार केला. "यंत्र टाकूं दे. हेडमास्तर वाचेल की." श्री रेघांखाली गेलं.

आणि सगळी मांडणी बिनचूक झाल्यावर हेडमास्तरांनी खरा प्रश्न विचारला. बाकीचे लोक सूर्योदयाचं बघतात. तुमचं ऐकून त्यांचा दिवस का बदलावा? दोन्ही ठेवा. मूळ आहे तसं राहू द्या, आणि ज्याला तुमचं हवं तो ते निवडेल.

अत्याने लॅपटॉप मिटला. "बरोबर काय तें निवडायचं कसं? बेरीज काय निवडतात?" चार-पाच दिवस ती खाली आपल्या खोलीत गप्प होती. वर एकही प्रश्न आला नाही. माझ्या मीटिंगा सुरळीत झाल्या, आणि मला त्या शांततेत काही सुचेना. मी उगीच खाली जाऊन विचारलं, "अत्या, कंस बिंस काही?"

ती खिडकीशी बसली होती. म्हणाली, "त्याचं खरं आहे रे. मुलांस मी पट्टी मारून शिकवलं. पट्टी गेली कीं तीं कळांकडे बघायचींच. कमळीस मी कितीं वर्षं मारलं, फोनावरून?" मग उठून लॅपटॉप उघडला. "नीट बस. आणि तो पेला डावीकडून उचल."

ती दुरुस्ती त्यांनी घेतली. हेडमास्तरांचं उत्तर एका शब्दाचं होतं: घेतली. अत्याने मला त्याचा कागद छापून आणायला लावला, आणि कागदावर मार्जिन कमी पडली म्हणून दुकानदाराकडे परत पाठवलं.

ते फोनांपर्यंत पोचायला पुष्कळ महिने लागले. मी विसरूनही गेलो होतो. मग एके सकाळी कमळीअत्याचा फोन आला. मी तिथेच होतो.

"अक्का, फोन कांहीं नवीन विचारतो आहे. म्हणतो, तुम्ही वैष्णव कां? काय सांगूं?"

अंबूअत्याने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ही सगळं सांगणार. सांगितलं नाही.

"बाबांच्या फोटोकडे बघ, आणि तुज वाटेल तें दाब."

मग कमळीअत्या म्हणाली, "दाबलं. परवां दाखवत होतं तें आतां तेरवां दाखवतं."

"बेस," अत्या म्हणाली. तिने पंचांग उघडलं नाही. चष्मासुद्धा घेतला नाही.

"आतां तुझं तिथे काय काम?" कमळीअत्या म्हणाली. हा तिचा जुना धोशा होता: बेंगळूरला येऊन राहा. त्यावर अत्याचं जुनं उत्तर असे की मी आलें तर कुंभकोणचा सूर्योदय कोण बघेल, आणि कमळीअत्या म्हणे, बेंगळुरांत काय सूर्य उगवत नाहीं? ह्या खेपेला अत्याने ते उत्तर दिलं नाही. म्हणाली, "सेरी." बरं. एवढंच. स्वतःच्या हाताने तिने ते सूर्योदयाचं उत्तर त्या डब्यात घालून ठेवलं होतं.

काही दिवसांनी ती बेंगळूरवरून जाणाऱ्या संध्याकाळच्या म्हैसूर गाडीने गेली. मेधा शिकवते त्या शाळेत मीटिंग होती, म्हणून पोचवायला मी एकटाच गेलो. एक पेटी, एक पाण्याची बाटली, आणि छातीशी धरलेला लॅपटॉप. सामान लावून मी खाली उतरलो आणि खिडकीशी उभा राहिलो. निरोपाच्या वेळी बोलायचं असतं ते मला कधी सुचत नाही. तिला सुचत होतं.

"वेंकू, एक राहिलंच रे."

"बोल, अत्या."

"प्रोग्रामांत स्विच लिहितात ना, त्याच्या पोटांतलं केस. तें आंत ढकलायचं, कीं स्विचच्या सरळ खालीं ठेवायचं?"

गाडी हलली. तिचा डावा हात वर उठला आणि उजवीकडे झटका देऊन खाली आला, ओळ संपल्यासारखा. निरोपाचा होता की सवयीचा, देव जाणे.

"सरळ!" मी खिडकीबरोबर चालत ओरडलो. तिने कानामागे हात नेला. "सरळ ठेव, अत्या! आंत ढकलूं नकोस! सरळ!"

फलाटावरचे हमाल, फुलवाल्या बाया, चहावाला, अस्के माझ्याकडे बघायला लागले. मी काय ओरडतो आहे हे त्यांच्यातल्या कोणालाही कळलं नाही. त्या फलाटावर मराठी समजणारं माझ्याखेरीज एकच माणूस होतं, आणि ते गाडीत बसून चाललं होतं.